एकशे एकाहत्तर कुणाचा

आमच्या दारावर गणपती नाही, तोरण नाही, घराचं नावही नाही. ट्रकची नंबरपाटी आहे. तीही पुढची. मागची पाटी शेजारच्या दारावर आहे आणि शेजारचं दार माझ्या सख्ख्या काकाचं. दोन घरांच्या मधे विटांची एक भिंत, आणि न बोलण्याची दुसरी. दुसरी जास्त जाड.

तो ट्रक आजोबांचा. अंजूरची खाचरं सांभाळून त्यांनी तो जुनाच विकत घेतला आणि भिवंडीच्या मागांवरचं कापड मुंबईला पोचवायला लागले. त्या ट्रकबद्दल आमच्या घरात जे सांगतात त्यातलं निम्मं मी स्वतः रचलेलं आहे, तरी सांगतो. एकदा कशेळीच्या पुलावर ब्रेक निकामी झाले तेव्हा ट्रक आपणहून थांबला, कारण पुढे म्हशी होत्या आणि त्याला माणुसकी होती. नंबर एकशे एकाहत्तर. आजोबा गेले, ट्रक भंगारात गेला, बाबांनी आणि काकाने शेत वाटलं, भांडी वाटली, घरं वाटली, कुठेही आवाज चढला नाही. पाटीवर आले आणि एकमेकांच्या कॉलरी धरल्या. शेवटी पुढची आम्हाला, मागची त्यांना. बाबांचं म्हणणं, पुढची तीच खरी पाटी, मागची नुसती धूळ खायला असते. काकाचं म्हणणं, जे आम्हाला गावभर फिरून ऐकू आलं, असं की पोलीस नेहमी मागचीच बघतात.

तेव्हापासून दोन्ही घरांत जे काही आलं, मग ती मोटरसायकल असो, जीप असो की मोबाइल, त्याच्या शेपटाला एकशे एकाहत्तर असलाच पाहिजे. आमच्याकडे म्हशीला कानात बिल्ला लावायची वेळ आली तेव्हाही बाबांनी डॉक्टरकडे हाच आकडा मागितला. डॉक्टरने बिल्ला दिला नाही. बाबांनी त्यालाही काकाचा माणूस ठरवलं.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास घरात कॉम्प्युटर आला आणि पाठोपाठ केबलवाल्याचं इंटरनेट. हा केबलवाला आधी फक्त टीव्हीची वायर द्यायचा. मग त्याने तिच्या बाजूने निळी वायर ओढली, विजेच्या खांबावरून, पिंपळावरून, मागांच्या कारखान्याच्या पत्र्यावरून, आणि एका ठिकाणी, माझ्या डोळ्यांनी बघितलंय, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीवरून. कॉम्प्युटरसमोर बसून त्याने बाबांना समजावलं, "शेठ, हर घर को एक नंबर. आयपी ॲड्रेस बोलतात. लांबलचक असतो, पण पुढचं सगळ्यांचं सारखं, शेवटचा आकडा तेवढा आपला आपला. तुमचा सेहेचाळीस."

"सेहेचाळीस?" बाबा म्हणाले. "सेहेचाळीस कोन हाय?"

"कोई नहीं, शेठ. नंबर आहे."

"एकशे एकाहत्तर टाक."

केबलवाल्याने दारावरची पाटी बघितली, बाबांच्या मिशा बघितल्या आणि निमूटपणे एकशे एकाहत्तर टाकला. आता इथून पुढे जे झालं ते सगळं त्या आकड्यामुळे झालं, हे तेव्हा कुणाला कळायला? मला कळलं होतं असं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं आहे.

हा सगळा खटाटोप ताईसाठी होता. ताई माझी थोरली बहीण. कशेळीच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात हिशेब बघायची आणि तिथल्या ड्रायव्हरांना असं झापायची की ते ट्रक उलटा लावतानासुद्धा आधी परवानगी मागत. तिला स्थळ आलं होतं खारबावचं. मुलगा मस्कतला कंपनीत. सुट्टी मिळून इकडे यायला पुष्कळ अवकाश होता, म्हणून त्याच्या आईचा निरोप आला की मुलगा कॉम्प्युटरवर मुलीला बघेल, दोन शब्द बोलेल, मग होय-नाही ठरवू. दर शुक्रवारी दुपारी तीन वाजता. शुक्रवार दोघांनाही सोयीचा. तिकडे कंपनीला सुट्टी, इकडे मागांना.

सगळं घर हरखलेलं. ताई नाही. "मला त्याला फक्त एक इचारायचंय," ती म्हणायची. "लग्न झाल्यावर मला तिकडं नेनार, का खारबावला आईच्या सेवेला ठेवून जानार? तिकडं नेनार असंल तर होय. न्हाय तर न्हाय." तिची एक मैत्रीण अशीच मागे राहिली होती. नवरा तिकडे एसीत, आणि ही इकडे सासूच्या गुडघ्यांना तेल चोळत. वर्षातून एकदा नवरा यायचा, अत्तर द्यायचा, जायचा. ताईला अत्तराची ॲलर्जी होती. म्हणजे तेव्हापासून झाली.

पहिला शुक्रवार. ताई साडी नेसून, आई तिच्या मागे, बाबा आईच्या मागे, मी कीबोर्डवर. पडद्यावर काड्यापेटीएवढ्या चौकोनात मुलगा उगवला. मिशी होती की कॅमेऱ्यावरचा डाग, यावर आमच्यात अजून एकमत नाही. "हॅलो, हॅलो, आवाज येतोय काय?" तो म्हणाला. आम्ही चौघांनी एकदम "येतोय!" असं ओरडून सांगितलं. सव्वातीनपर्यंत त्याने ताईचं शिक्षण विचारलं, ताईने त्याचा पगार विचारला, बाबा खोकले. मग ताई घसा खाकरून म्हणाली, "मला एक इचारायचं होतं..." आणि नेट मेलं. मुलगा तोंड उघडं ठेवून गोठला, मग तेवढंही गेलं.

केबलवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, उंदराने वायर कुरतडली असेल. बाबांनी विचारलं, "बरोबर सव्वातीनला? उंदराकडं घड्याळ हाय?" केबलवाला वायर गुंडाळून निघाला. बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने जाताना चहासुद्धा घेतला नाही.

दुसरा शुक्रवार. मुलगा आला, हॅलो झालं, हवापाणी झालं, ताईने पुन्हा घसा खाकरला. आणि पुन्हा अंधार. पण ह्या वेळी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण उगवला आणि शेजारी इंग्रजीत निरोप. मी मोठ्याने वाचला आणि मराठीत सांगितला, "ह्याच पत्त्यावर दुसरा एक कॉम्प्युटर हजर आहे."

आईने पदर डोक्यावर घेतला.

"दुसरा म्हंजे कोन?" बाबांनी हळू आवाजात विचारलं. बाबा हळू बोलू शकतात हे मला त्या दिवशी कळलं.

"कुणीतरी आपला नंबर लावलाय. एकशे एकाहत्तर. एका नंबरावर दोघं आले की भांडण होतं, आणि आपलं बंद पडतं."

"आपला नंबर? बापाचा नंबर?" बाबांनी सरळ भिंतीकडे बोट दाखवलं. "त्यानंच."

पण काकावर संशय घेणं हा बाबांचा रोजचा नाश्ता होता. नळाला पाणी आलं नाही, काका. पोळी करपली, काका. म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. तरी खात्री करायला मी केबलवाल्याच्या दुकानी गेलो. मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर चालू होता, तोच म्हणे सगळ्या गल्लीचा मालक. त्यावर जुन्या व्हिडिओ कॅसेटी रचल्या होत्या आणि वर एक मांजर झोपलं होतं.

"एकशे एकाहत्तर सिर्फ तुमचा," केबलवाला म्हणाला. "तुझ्या काकाला अठ्ठावन्न दिलाय. बघ, इधर आहे."

होता. मी बघितला. म्हणजे काका निर्दोष. म्हणजे चोर तिसराच.

"भाई, सोपं आहे," तो पुढे म्हणाला. "नंबर बदल डालो. एकशे बाहत्तर मोकळाच पडलाय. मी इकडून चालू करून ठेवतो. तुला कधी पटलं तर तिकडून टाक. दोन मिनिटांचं काम."

घरी येऊन मी हे सांगितलं मात्र, बाबा उठून दारात गेले आणि पाटीला हात लावून उभे राहिले. "आज नंबर बदल, उद्या आडनाव बदल, परवा बाप बदल. चोर आपल्या घरात शिरला म्हनून आपन घर सोडायचं?"

"बाबा, आकडा आहे तो."

"तुला काय कळतंय, शिकलेल्या!"

त्याच संध्याकाळी खारबावहून मुलाच्या आईचा फोन. आईने उचलला आणि आम्ही सगळे फोनला कान चिकटवून उभे. "बाई, राग मानू नका," पलीकडून आवाज आला, "पन दोनदा झालं. पोरगी समोर येते आन् लगेच काळोख होतो. पोरगा बोलतोय, आई, काय लपवतात काय? पायाबियात काय खोट हाय काय?"

"पायात?" ताई फोनमध्येच ओरडली. "पाय कॅमेऱ्यात दिसत न्हाईत हे त्याला सांगा!"

"येत्या शुक्रवारी शेवटचं बघू," पलीकडून मुलाची आई म्हणाली. "न्हाय तर आमाला दुसरीकडंपन बघायला लागेल."

आता हे घर राहिलं नाही, पोलीस चौकी झाली. तो आठवडा आमच्याकडे कुणी कुणावर विश्वास ठेवला नाही. आईच्या मते ही नजर होती. तिने कॉम्प्युटरवरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्या अशा तडतडल्या की सगळी गल्ली खोकली आणि मला शपथेवर वाटतं की सीपीयूसुद्धा शिंकला. बाबांना आता जगातला प्रत्येक माणूस निळी वायर खिशात घेऊन फिरताना दिसू लागला. अंजूरच्या शेताचं गोडाऊनसाठी विचारायला येणारा एजंट, ज्याच्या सायबर कॅफेत मी जायचं बंद केलं तो मालक, मागच्या कारखान्याचा शेठ, सगळे संशयित. दूधवाला दोन दिवस जरा जास्त वेळ दारात रेंगाळला तर बाबांनी त्याच्या किटलीत डोकावून बघितलं. मी स्वतः वायरीचा माग काढत गच्च्यांवरून फिरलो. एका गच्चीवर एका बाईने मला पापडचोर समजून झाडू दाखवला. वायर पिंपळात शिरत होती आणि पिंपळातून एकाच्या जागी सहा वायरी बाहेर पडत होत्या. पिंपळालाही मी संशयितांत धरला.

आता भिवंडीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं खोटं वाटणार नाही. आमच्याकडे सहा दिवस मागांचा खटखटाट असतो. तो कानाला ऐकू येत नाही, दातांना येतो. त्या आवाजावरून बोलता बोलता आमच्या माणसांचे गळे एवढे मोठे झालेत की आमच्यात कानगोष्ट करायची तर आधी दोन गल्ल्या लांब जावं लागतं. टीव्ही, रेडिओ, कॉम्प्युटरचे स्पीकर, सगळ्यांची बटणं शेवटपर्यंत पिळलेली. शुक्रवारी माग थांबतात. पण गळे थांबत नाहीत आणि बटणं कुणी मागे फिरवत नाही. सवयच नाही. म्हणून शुक्रवारी अख्ख्या भिवंडीला अख्ख्या भिवंडीचं सगळं ऐकू येतं. कुणाकडे काय शिजतंय ते शिट्टीवरून, कुणाचं कुणाशी बिनसलंय ते भांड्यांवरून.

तिसरा शुक्रवार. ताई आज साडीत नाही, ऑफिसच्या पंजाबी ड्रेसमध्ये. "शेवटचं बघायचंय ना, मग खरी आहे तशी बघू दे." तीनला मुलगा आला. "हॅलो, हॅलो, आवाज येतोय काय?" ताईने ह्या वेळी शिक्षण, हवापाणी, काही होऊ दिलं नाही. पण मुलगा हुशार. तिने विषयाला हात घातला की तो जेवण विचारायचा. "मासे आवडतात काय? तिकडं मासे लय भारी मिळतात." असं करता करता सव्वातीन झाले.

आणि भिंतीतून सूर आला.

कॉम्प्युटर चालू होताना जी चार सुरांची धून वाजते ती. आमच्या कॉम्प्युटरची नाही, आमचा तर कधीचा चालू होता. भिंतीपलीकडच्या. आधीचे दोन्ही शुक्रवार ती आमच्याच हॅलो-हॅलोत बुडाली असणार. मी भिंतीकडे बघितलं, ताईने भिंतीकडे बघितलं, मग दोघांनी पडद्याकडे. एक, दोन, आणि कोपऱ्यात पिवळा त्रिकोण. मुलगा माशाबद्दल बोलता बोलता माशासारखा तोंड वासून गोठला.

"काका," मी म्हणालो.

बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला राग म्हणता येणार नाही. तो आनंद होता. इतकी वर्षं घेतलेला संशय एकदाचा खरा ठरला होता. त्यांनी कोपऱ्यातला ट्रकच्या जॅकचा दांडा उचलला. ट्रक नव्हता, जॅक नव्हता, दांडा मात्र होता.

"बाबा, बसा," ताई म्हणाली.

"आज त्याला..."

"बसा म्हटलं ना! मारायचं असंल तर पाच मिनटांनी मारा. मला आधी उत्तर पायजेल." मग ती माझ्याकडे वळली. "नंबर बदल."

"बाबा..."

"लग्न बाबांचं हाय काय? बदल!"

बाबा दांडा मांडीवर घेऊन, पाठ करून बसले, जणू त्यांच्यादेखत कुणी त्यांची मिशी उतरवत होतं. मी कंट्रोल पॅनेल उघडलं, नेटवर्कच्या चित्रावर गेलो, उजवं बटण दाबलं, प्रॉपर्टीज उघडलं. प्रॉपर्टी हा शब्द ऐकून बाबांनी एकदा मागे वळून बघितलं, शेताचं काही नाही म्हटल्यावर परत पाठ केली. आकड्यांच्या चार चौकटी. पहिल्या तिन्हींना हात लावायचा नाही, एवढं केबलवाल्याने बजावलं होतं. चौथीतला शेवटचा एक मी खोडला. आजोबा फोटोतून बघत होते. खोटं नाही सांगत, त्यांनी एक डोळा बारीक केला. त्या जागी दोन टाकला. एकशे बाहत्तर. ओके. पुन्हा ओके.

पिवळा त्रिकोण गेला. केबलवाल्याने शब्द पाळला होता. दोन मिनिटांचं काम त्याने सांगितलं होतं, मला त्याच्याही निम्मंच लागलं, आणि त्यात मी बाबांच्या तीन शिव्याही ऐकल्या.

मुलगा परत आला. "हॅलो, हॅलो..."

"आवाज येतोय," ताईने त्याला पुढे बोलू दिलं नाही. "मला एकच सांगा. लग्न झाल्यावर मला मस्कतला नेनार, का खारबावला ठेवनार?"

काड्यापेटीतला चेहरा हलला. "नेनार म्हंजे काय! तुलाच नेनार. व्हिसाचं बोलून ठेवलंय. घरपन बघितलंय. खिडकीतून समुद्र दिसतो."

बस. ताई खुर्चीत मागे रेलली. इतके दिवस तिच्या कपाळावर बसलेली आठी एकदम उठून गेली आणि तिच्याखालून माझी जुनी ताई निघाली, आंब्यावर चढून मला कैऱ्या फेकून मारणारी. आईने डोळे पुसले आणि रवा भाजायला आत पळाली. बाबांनी दांडा खाली ठेवला. चोराचंसुद्धा ते क्षणभर विसरले.

"बरं, मी जातो आता," मुलगा म्हणाला. "ड्युटी हाय."

"शुक्रवारी?" ताईने विचारलं.

"अर्जंट आलीय." चौकोन काळा झाला.

मी कॉम्प्युटर बंद केला. आतून तुपाचा वास यायला लागला. बाबा म्हणाले, "पोरगा कामाचा दिसतोय, सुट्टीला पन जातो." आणि तेवढ्यात भिंत बोलली.

"हॅलो, हॅलो, आवाज येतोय काय?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी स्पीकरची वायर उपटून हातात घेतली, म्हणजे शंका नको. बाबांनी भिंतीला पालथा हात लावला, ताप बघतात तसा.

"येतोय," पलीकडून बारीक आवाजात उत्तर आलं. बारीक म्हणजे आमच्यातलं बारीक, चौथ्या घरापर्यंत जाणारं. माझी चुलत बहीण. ताईपेक्षा वर्षभराने लहान. लहानपणी दोघी एका ताटात जेवायच्या, पाटीच्या भांडणानंतर गच्चीवरूनसुद्धा एकमेकींकडे बघायच्या नाहीत.

"गेल्या शुक्रवारी काय झालं?" भिंतीतल्या मुलाने विचारलं. "तू समोर आली आन् लगेच काळोख."

"आमचं नेट सारखं जातंय. बाबा बोलतात, शेजारचे मुद्दाम करतात."

बाबांचा 'आ' वासलेला तसाच राहिला. मग मला आठवलं. दर वेळी आमचं बंद पडलं की मी कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा चालू करायचो. म्हणजे त्यांचं मी मारत होतो.

"मासे आवडतात काय?" भिंत म्हणाली. "तिकडं लय भारी मिळतात."

आत झाऱ्याचा आवाज थांबला. आई झारा हातात घेऊन दारात आली. पलीकडे चुलत बहिणीने काहीतरी हळू विचारलं, ते मात्र आम्हाला ऐकू आलं नाही. पण उत्तर आलं, स्वच्छ, शेवटपर्यंत पिळलेल्या स्पीकरमधून, विटांतून, प्लास्टरमधून, आजोबांच्या फोटोमागून:

"नेनार म्हंजे काय! तुलाच नेनार. व्हिसाचं बोलून ठेवलंय. घरपन बघितलंय. खिडकीतून समुद्र दिसतो."

मला वाटलं ताई रडेल. ती उठली, ओढणी नीट केली, चपला घातल्या आणि बाहेर पडली. आमच्या पाटीखालून निघाली ती थेट त्यांच्या पाटीखाली. त्या उंबऱ्यावर आमच्या घरच्या कुणी कित्येक वर्षांत पाय ठेवला नव्हता. मी मागे, आई झाऱ्यासकट माझ्या मागे, बाबा दांड्यासकट सगळ्यांच्या मागे.

काकाच्या घरात आमचंच घर होतं, आरशात बघितल्यासारखं. तशीच खुर्ची, तसाच कॉम्प्युटर, मागे तशीच ओळीने उभी माणसं. हवेत जळक्या मिरच्यांचा वाससुद्धा होता. टीव्ही नुकताच बंद केलेला, अजून कोमट, म्हणजे आमचं मघाचं बोलणं त्यातच बुडालं असणार. आम्हाला बघून काकी किंचाळायच्या बेतात होती. ताईने तोंडावर बोट ठेवलं, चुलत बहिणीला म्हणाली, "सरक जरा," आणि अर्ध्या खुर्चीवर बसली. दोघींचे चेहरे एका कॅमेऱ्यात.

काड्यापेटीतला मुलगा बोलायचा थांबला.

"ओळखलं ना?" ताईने विचारलं. "आत्ताच भेटलो. ही माझी बहीण. आता एकदाच सांगा, म्हंजे दोनदा सांगायला नको. आमच्यातली कोन मस्कतला, आन् कोन खारबावला?"

चुलत बहिणीने ताईकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. "ताई, तुलापन समुद्र दाखवला काय?"

"खिडकीतून."

मुलाचे ओठ हलले. मग त्याने कानाला हात लावला. "हॅलो? हॅलो? आवाज येत न्हाय. नेट गेलं वाटतं."

"नेट आज पहिल्यांदाच बरोबर चाललंय," ताई म्हणाली. "तुमची मिशीपन दिसते."

(तेव्हा मिशीच होती. पण मी म्हटलं ना, एकमत नाही.)

चौकोन काळा झाला. ह्या वेळी तोडलं ते त्याने. चुलत बहिणीने कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला, तेव्हा ताईने तो धरला आणि दोघींनी मिळून बटण दाबलं. सासरची स्वप्नं दोघींचीही त्याच बटणात गेली, पण तोंडावर दोघींच्याही हसू होतं, जरा वाकडं, तरी हसूच.

इकडे बाबांना आपण कशासाठी आलो ते आठवलं. "आमचा नंबर तू लावलास?"

काकाने इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाबांकडे तोंड करून उत्तर दिलं. "तुमचा? बापाचा हाय. मला त्यानं अठ्ठावन्न दिला. अठ्ठावन्न काय? रिटायर व्हायचं वय! माज्या घरात असला नंबर न्हाय चालनार. पोरीला सांगितलं, एकशे एकाहत्तर टाक."

"टाकला तर लगेच चालू झाला," चुलत बहीण म्हणाली. "मला वाटलं, मोकळाच असंल."

"मोकळा? पुढची पाटी कोनाकडं हाय?"

"पोलीस कुठली बघतात?"

असे ते जे सुरू झाले ते काकीने चहा ठेवेपर्यंत, आईने आमच्याकडचा शिरा तिकडे आणेपर्यंत, आणि तो संपेपर्यंत थांबले नाहीत. केबलवाल्याला बोलावलं गेलं. तो दोघांच्या मधे बसून "शेठ, अहो शेठ" करत राहिला. खारबावहून मुलाच्या आईचा फोन आला, आधी आमच्याकडे वाजला, मग इकडे वाजला, आणि दोन्ही घरांतली सगळी माणसं एका खोलीत असल्यामुळे तिकडचा तसाच वाजून थांबला आणि इकडचा ताईने उचलला. "मावशी," ती म्हणाली, "आमाला दुसरीकडंपन बघायला लागेल," आणि ठेवला.

एकशे एकाहत्तर शेवटी काकाकडे राहिला. बाबांनी तो दिला नाही, ते परत घ्यायला विसरले. आम्ही एकशे बाहत्तरवरच राहिलो. महिन्याभरात बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले की त्याचा एकशे एकाहत्तर, आमचा त्याच्या एकाने पुढे, आणि पुढे असणं हे आमच्या घराण्यात पहिल्यापासून आमच्याकडेच आहे.

स्थळं त्यानंतरही आली, दोघींना आली. मस्कतची आली, ठाण्याची आली, एक तर थेट पलीकडच्याच गल्लीतलं होतं. पण दोन्ही घरांनी मिळून एक नियम केला आणि तो शेवटपर्यंत पाळला. कुठल्याही मुलाशी बोलणं करायचं ते शुक्रवारी, माग बंद असताना, स्पीकरचं बटण शेवटपर्यंत पिळून. आणि एक बहीण खुर्चीत बसली की दुसरीने भिंतीला कान लावून पलीकडे उभं राहायचं.